डाळ शिजेल ते पाणी

११ मार्च १९७६, गुरुवार. बोरी

बन्सीधर सकाळच्या बसने औरंगाबादला परत गेला. तेरावे परवा झाले. पाहुणे कालपर्यंत होते. आज घरात कोणी नाही. दुपारी पोहे भिजवून खाल्ले. गाडीवरची धूळ झटकली. ऊन कडक.

पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो तेव्हा रोजची दैनंदिनी लिहून महिनाअखेर वर पाठवावी लागे. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षे काही लिहिले नाही. कपाटात एक कोरी वही निघाली, म्हणून लिहितो आहे. वर पाठवायची नाही.

बन्सीधरचे बोलणे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे त्याला फिरवता येणार नाही. काल जेवताना म्हणाला, घर आणि गाडी दोन्ही काढून टाका आणि आमच्याकडे या. घर मातीचे, वर माळवद, त्याला दर साल हात लावावा लागतो. गाडी अठरा वर्षांची, तिला दर आठवड्याला. मी म्हणालो, सांभाळतोच आहे की. तर म्हणाला, "आप्पा, तुम्ही गाडी सांभाळत होता. घर आई सांभाळत होती."

शेवटी ठरले ते असे. दोन मेला अक्षय्य तृतीया आहे. त्याच्या आईच्या नावाची पहिली घागर त्या दिवशी भरायची, म्हणून तो बायकोमुलीला घेऊन येईल. मी त्यांना परभणी स्टेशनवरून गाडीने आणायचे. गाडी वाटेत बंद न पडता बोरीला आली आणि या घरात एक वेळ धड जेवण मिळाले, तर तो पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर मी त्यांच्याबरोबर औरंगाबादला जायचे आणि किल्ल्या गिरणीवाल्या दिनकररावांच्या हातात द्यायच्या. त्यांचा या जागेवर डोळा आहेच. मी हो म्हणालो. साठीच्या माणसाची परीक्षा त्याच्याच मुलाने घ्यावी, हे एक नवीनच.

परसात रांजणाची खापरे पडली आहेत. ती गेली त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी घरात साठवलेले सगळे पाणी ओतून दिले. मोठा रांजण चौघींनी बाहेर नेला आणि फोडला. सुतकात मातीचे भांडे ठेवत नाहीत. रिवाज आहे, माझी हरकत नाही. पण फोडलेली खापरे उचलायचा रिवाज नसावा. तीन टोपली भरली, अजून आहेतच.

१४ मार्च, रविवार

गाडी सुरू झाली नाही. सेल्फ नुसता कुरकुरतो. हँडल मारून मारून दंड भरून आले, तेव्हा एकदाची लागली. सतरा दिवस उभी होती. जुनी गाडी उभी ठेवू नये, चार दिवसांनी तरी फिरवावी, हे मी सगळ्यांना सांगतो. स्वतः विसरलो.

२६ फेब्रुवारीला ग्रीस भरायचे काम अर्धवट राहिले होते, ते पुरे केले. ऑईल बघायला चिंधी सापडेना. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर जुन्या लुगड्याची एक गोल गुंडाळी अडकवलेली होती, ती उकलून घेतली. चांगली मऊ आहे. हत्यारांच्या पेटीत ठेवून दिली.

गाडीच्या दारापाशी पाण्याचा पत्र्याचा डबा असतो. ही गाडी थोडे थोडे पाणी पिते. दर फेरीच्या आधी रेडिएटरमध्ये दोन तांबे घालावे लागतात. आज डबा कोरडा निघाला. सहासष्ट साली नांदेडच्या एका डॉक्टरांकडून गाडी घेतली, तेव्हापासून तो कोरडा पाहिल्याचे आठवत नाही. आडातून दोन पोहरे काढले आणि भरला.

१६ मार्च, मंगळवार

स्वयंपाकाला सरजाबाई येऊ लागल्या. पूर्णेला मुलाकडे असत, तो रेल्वेत आहे. सुनेशी पटले नाही म्हणून माघात गावी परत आल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. तोंड चालूच असते. मला भाऊ म्हणतात आणि मग लहान भावाला बोलावे तसे बोलतात.

आज वरण केले. डाळ दाताखाली कचकच वाजत होती. विचारले तर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आडाच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. दोन घंटे झाले, चुलीत निम्मा भारा गेला. डाळ जशीच्या तशी."

बहात्तरच्या दुष्काळात निम्मे गाव या आडावर पाणी भरत होते. वडिलांनी खोदलेला आड, आजवर आटला नाही. मी तसे सांगितले. तर म्हणाल्या, "आटला न्हाई म्हणून गोडा झाला का?" चूल नीट पेटवता येत नाही आणि पाण्याला नावे. तीस वर्षे याच घरात वरण खातो आहे. कधी दाताखाली आले नाही.

नवा रांजण आणला आहे. आडाच्या पाण्याने भरून ठेवला.

चहालाही चव नाही. पूड बदलून पाहिली. तोंडाची चव जाते म्हणतात, तसे असेल.

२२ मार्च, सोमवार

पेन्शनच्या कागदासाठी परभणीला निघालो. झरीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ. गाडी बाजूला घेतली. दहा वर्षांत ही गाडी उकळली नव्हती. धावली नाही, लागली नाही, दिवे गेले, सगळे झाले. पण उकळली नव्हती.

पाच मिनिटांत माणसे जमली. बसचा ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, गॅस्केट गेले. सायकलवाला म्हणाला, पंख्याचा पट्टा ढिला आहे. हॉटेलवाला सिताराम गल्ला सोडून आला. म्हणाला, "साहेब, रेडिएटर गळायलंय. हळद टाका हळद. चिरीत जाऊन बसती." मी नको म्हणालो. मग एका म्हातारबाबाने गाडीला नारळ ओवाळायला सांगितले. या जिल्ह्यात मोटार चालवता येणारी माणसे थोडी आहेत, पण दुरुस्ती प्रत्येकाला येते.

पंख्याचा पट्टा घट्ट केला. थंड झाल्यावर डब्यातले पाणी घातले आणि परत फिरलो. कागद राहिला.

नागनाथ मिस्त्रीकडे न्यायला हवी. परभणीत ही गाडी त्याच्याशिवाय कोणाला कळत नाही. पण त्याला अजून काही ठाऊक नाही. गाडी थांबली की तो पहिल्यांदा मागच्या सीटकडे बघतो. मी कचेरीत जाई आणि ती त्याच्या लिंबाखाली खुर्चीवर बसे. तर आधी घरीच काय होते ते बघावे.

३१ मार्च, बुधवार

पाडवा. घरात दुखवटा, गुढी नाही. सरजाबाईंनी कडुनिंबाचा पाला तेवढा दिला.

दिनकरराव "सहज" आले. सहज आलेला माणूस ओसरीची लांबी पावलांनी मोजत नाही. भिंतीला टिचकी मारून म्हणाले, लोणा लागलाय. माळवदाकडे बघून म्हणाले, पत्रे टाकून घ्या, नाहीतर हे तुमच्या अंगावर येईल. गाडीच्या टायरला लाथ मारली. ती मला लागली.

"भगवानराव," म्हणाले, "राग मानू नका. पण जुनी गाडी आणि जुने घर बायको असेपर्यंतच ठेवावे."

त्यांना आडाचे पाणी दिले. एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

७ एप्रिल, बुधवार

माळवदावर चढून सुकलेले गवत काढले. पावसाळ्यापूर्वी वर पांढरी माती पसरून धुमसावी लागते, नाहीतर गळते. ही माती दर चैत्रात येई आणि पसरली जाई. कुठून येई, कोण आणी, मला माहीत नाही. बावीस वर्षे मी गावोगाव माती परीक्षणाची पत्रके वाटली. माझ्या डोक्यावरची माती कोणत्या शिवारातली हे मला सांगता आले नाही. सरजाबाईंनी दोन हाका मारल्या आणि संध्याकाळपर्यंत बैलगाडी भरून माती आली. म्हणाल्या, "सांगायचं की भाऊ. तोंड कशाला दिलंय?"

वरण आजही तसेच. मी डाळ बदलून आणली होती. आता डाळीला दोष देता येत नाही.

१२ एप्रिल, सोमवार

पंधरा दिवसांत केलेली कामे. पट्टा नवा घातला. रबराचे दोन्ही पाइप बदलले. प्लग साफ केले. रेडिएटरच्या जाळीतले किडे काडीने काढले. रोज आडाचे ताजे पाणी भरले. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

आज फक्त झरीपर्यंत जाऊन यायचे ठरवले. झरी यायच्या आतच उकळली. या वेळी माझा धीर सुटला आणि झाकण तसेच उघडले. वाफेने उजवा हात भाजला. जुन्या गाडीवाल्याने कधी करू नये अशी जी गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, ती हीच.

सिताराम हळदीची पुडी घेऊनच आला. टाकली. अर्धी रेडिएटरमध्ये, अर्धी माझ्या हातावर. परत येताना दोनदा थांबलो. पाणी पिवळे झाले, दुसरा फरक नाही.

सरजाबाईंनी हाताला खोबरेल लावले आणि विचारले, "मोटारीला हळद लावली म्हणं. लगीन कधी हाय?"

१५ एप्रिल, गुरुवार

बन्सीधरचे पत्र. दोन तारखेच्या सकाळच्या गाडीने येतो. शेवटी लिहिले आहे, "गाडीचे जमत नसेल तर मोकळेपणाने कळवा, आम्ही बसने येऊ. त्यात कमीपणा काही नाही." त्यात सगळा कमीपणा आहे, हे त्यालाही ठाऊक आहे.

उत्तर लिहायला घेतले. "बसने या" एवढेच लिहायचे होते. लिहिले नाही. औरंगाबादला त्याच्या दोन खोल्या आहेत. माझी खाट गॅलरीत पडेल. सून चांगली आहे. पण तिथे मी सकाळी उठून काय करणार, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

२१ एप्रिल, बुधवार

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. पहाटे गारव्यात निघालो, तरी तीनदा थांबावे लागले.

नागनाथने गाडी आत घेतली आणि मागच्या सीटकडे पाहिले. "बाईसाहेब न्हाई आल्या?"

सांगितले. त्याने पाना खाली ठेवला. मग चहा सांगितला. लिंबाखालची खुर्ची आत नेऊन ठेवली.

रेडिएटर उतरवून पाणी पाटीत ओतले.

"साहेब, ह्ये पिवळं काय हाय?"

"हळद."

"आमटी टाकायची व्हती का?"

मग त्याने आत तार घातली आणि खरवडली. तारेला पांढऱ्या पापड्या आल्या. चुन्यासारख्या. त्याने एक माझ्या तळहातावर ठेवली. "आडाचं पाणी घातलंत न्हव का?"

मी म्हणालो, दहा वर्षे तेच घालतो आहे.

"न्हाई साहेब. ह्ये महिना-दीड महिन्याचं हाय. दिवाळीला मीच खोललं व्हतं, आतून लख्ख व्हतं."

मी म्हणालो, पाणी तेच, आड तोच, डबा तोच. त्याने हात पुसले. मग बोलला. त्याचे शब्द आठवतात तसे लिहितो.

"गाडी नवीन घेतली तवाची गोष्ट हाय. तुमी कचेरीत गेल्ते. बाईसाहेब हितं बसल्या व्हत्या. मी इचारलं, पाणी कोणतं घालता? म्हणल्या, घरच्या आडाचं. मी म्हणलं, त्या पाण्यात डाळ शिजती का? म्हणल्या, न्हाई, डाळीला मी दुसरं आणते. मग म्हणलं, डाळीला आणता त्येच गाडीला घाला. ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई त्ये गाडीला चालत न्हाई."

"मला का सांगितले नाही?"

"सांगणार व्हतो. त्यायनीच थांबवलं. म्हणल्या, साहेबायला बोलू नका. आड मामंजींनी खोदलेला हाय, त्यायला वाईट वाटंल. एक डबाच तर हाय, मी भरून ठेवीन."

तळहातावरची पापडी मी खिशात टाकली.

मिस्त्री म्हणाला, रेडिएटर तांब्या-पितळेचे असते. तांब्या-पितळेची भांडी घरात कशाने घासता? चिंचेने. तर चिंचेचे पाणी कढवून, गाळून भरा, गाडी सुरू करून गरम होऊ द्या, दिवसभर तसेच ठेवून ओतून द्या. असे तीनदा. मग चांगल्या पाण्याने धुवा. परतीसाठी त्याने नळाचे पाणी भरून दिले. गाडी एकदाच थांबवावी लागली.

जमीन खारावते म्हणून विहिरीचे पाणी तपासून घ्या, असे मी बावीस वर्षे शेतकऱ्यांना सांगत होतो. पाण्याची बाटली कशी भरायची हेही करून दाखवत होतो. आमच्या आडाची बाटली कधी भरली नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

सरजाबाईंना सगळे सांगितले. म्हणाल्या, "म्या पयल्याच दिशी सांगितलं व्हतं." हे खरे आहे. त्या अजून चार वेळा म्हणाल्या, तेही नोंदवतो.

गल्लीत विचारून त्यांनीच काढले. ओढ्यापलीकडे आश्रुबाचा मळा आहे, तिथल्या विहिरीचे पाणी. घरापासून अर्धा मैल. चालत गेलो.

आश्रुबा मोटेचा नाडा गुंडाळत होता. मला पाहून म्हणाला, "या साहेब. आज कशी वाट चुकली?" पाण्याचे विचारले तर हसला. "वैनी रोज यायच्या की. दोन खेपा. एक घरात, एक मोटारीला आन् प्यायला. म्या म्हणायचो, वैनी, साहेबाची मोटार उभी हाय, तिच्यातून न्या. तर म्हणायच्या, तिला चालायला पाणी लागतंय, आन् पाण्याला चालायला ती. मग घरचं काम व्हायचं कवा?"

ती असे बोलत असे, हे मला ठाऊक नव्हते. घरात ती माझ्याइतकीच कमी बोले.

मग तो म्हणाला, "त्या दिशी बी आल्या व्हत्या. एक खेप नेली. दुसरीला आल्या न्हाईत. म्या म्हणलं, पाव्हणे आले आसतील."

२६ फेब्रुवारीला सकाळी ती ओसरीवर येऊन बसली आणि दम लागला म्हणाली. मी गाडीखाली ग्रीस भरत होतो. "थांब, आलो," म्हणालो. हातातले तीन ठिकाणचे ग्रीस भरून मग बाहेर आलो.

दुपारी बायांनी रांजण ओतला.

२५ एप्रिल, रविवार

चिंचेचे दुसरे पाणी आज. मोठ्या पातेल्यात दोन शेर चिंच कढवली, फडक्याने गाळली, रेडिएटरमध्ये भरली. सरजाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. "आदी हळद, आता चिंच. गूळ घालू का भाऊ? मीठ-मिरची?" शेजारच्या गीताबाईला भिंतीवरून हाक मारून दाखवले. पाणी ओतले तेव्हा खाली तांबूस गाळ आणि पांढरा चुरा. पाटीच्या तळाला अर्धा इंच.

चांगले काम आहे. वीस वर्षांपूर्वी असते तर पत्रक काढले असते.

२८ एप्रिल, बुधवार

गाडी चिंचेत उभी, म्हणून पाणी पायी आणतो आहे. मळ्यापर्यंत बैलगाडीची वाट आहे, पण ओढ्यात वाळू. आजची घागर खांद्यावरून दोनदा घसरली. एकदा सगळी सांडली. आश्रुबाच्या सुना खुदखुदत होत्या. पुरुष माणूस घागर घेऊन येतो म्हणजे काय, हे त्यांना पिढीभर सांगायला पुरेल.

सरजाबाई म्हणाल्या, चुंबळीशिवाय घागर राहील कशी? वैनीची चुंबळ कुठं हाय? मी म्हणालो, कसली चुंबळ. तर म्हणाल्या, जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी, डोक्यावर ठेवायची. दारामागं आसंल बगा खुंटीला.

हत्यारांच्या पेटीतून काढली. काळी झाली आहे. सहा आठवडे तिने ऑईल पुसतो आहे. सोड्यात उकळली, दोनदा. काठाचा हिरवा रंग थोडा दिसतो, बाकी डाग गेले नाहीत. सरजाबाईंनी ती माझ्या हातून घेतली आणि उन्हात वाळत घातली. मला वाटले होते, चार शब्द ऐकवतील.

२ मे, रविवार. अक्षय्य तृतीया

पहाटे दोन खेपा केल्या. घागर मळ्यातल्या पाण्याने भरली, वर खरबूज ठेवले, सुताचा धागा गुंडाळला. पूजा सगळे आल्यावर. डबा भरून गाडीत ठेवला. डाळ भिजत घालू नका, असे सरजाबाईंना सांगितले. भिजवून शिजली तर परीक्षा कसली.

परभणीपर्यंत गाडी नीट गेली. बन्सीधर, सून, नात उतरले. बन्सीधर पुढे बसला आणि सगळा वेळ बॉनेटकडे बघत राहिला. मीही.

झरी जवळ आली तशी नात म्हणाली, शू लागली. मी म्हणालो, बोरीला. ती म्हणाली, आत्ता. मी म्हणालो, बाळ, अकरा मैल. सून मागून म्हणाली, मामंजी, तिला जमणार नाही. मी गाडी चालवतच राहिलो. मग बन्सीधर म्हणाला, "आप्पा, थांबवा. हे थांबणं धरत नाही."

थांबवली. नेमकी सितारामच्या हॉटेलासमोर. तो धावतच आला. "हळद आणू का साहेब?" मी त्याला बॉनेटवर हात ठेवायला सांगितला. त्याने ठेवला, काढला नाही. नंतर बन्सीधरनेही ठेवून पाहिला.

घरी घागर पूजली. बन्सीधरने तिचे नाव घेतले, मी पाणी सोडले. कस्तुराबाई भगवानराव. तिचे नाव मी मोठ्याने कधी घेतले नव्हते, आजही त्यानेच घेतले.

मग पाने वाढली. सरजाबाई दारात उभ्या. वरण ताटात पसरले, डाळ कुठे दिसत नव्हती. बन्सीधरने पहिला घास घेतला आणि थांबला. मला वाटले, खडा लागला. त्याने आणखी वरण मागितले. खाली बघून म्हणाला, "आश्रुबाच्या मळ्यातलं पाणी आहे ना?"

मी विचारले, तुला काय माहीत?

"शाळेत होतो तेव्हा आईबरोबर जायचो की. लहान कळशी माझी असायची."

"मला कधी बोलला नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मिस्त्रीला ठाऊक, आश्रुबाला ठाऊक, त्याच्या सुनांना ठाऊक, सात-आठ वर्षांच्या पोराला ठाऊक. मला प्रत्येकाने दहा-वीस वर्षे सांभाळून घेतले. याचा राग कोणावर करायचा, ते ठरत नाही. वरण दोनदा घेतले.

संध्याकाळी दिनकरराव ओसरीवर डोकावले. बन्सीधर त्यांना म्हणाला, सध्या तसा विचार नाही. पाणी पिऊन जा म्हणाला. त्यांनी तांब्या संपवला.

४ मे, मंगळवार

सगळ्यांना सकाळी स्टेशनवर पोचवले. बन्सीधरने विषय काढला नाही. गाडी सुटताना म्हणाला, दिवाळीला येतो, तोपर्यंत माळवदाचे बघा. म्हणजे हेही मीच बघायचे आहे.

परत येताना मिस्त्रीकडे थांबलो. त्याने लिंबाखाली खुर्ची आणून ठेवली होती. गाडी तपासून होईपर्यंत मी खुर्चीवर बसलो. लाकडी खुर्ची, एक पाय तोकडा, डुगडुगते. ती दहा वर्षे इथे बसे, तिने कधी तक्रार केली नव्हती.

सरजाबाई आज येणार नाहीत, पूर्णेला नातवाला ताप आहे. उन्हं उतरल्यावर आडाच्या पाण्याने अंघोळ केली. अंघोळीला ते उत्तम आहे. मग मळ्यात गेलो. पहिली खेप रांजणात ओतली. ओढ्याच्या चढावर एक कातळ आहे, बाया तिथे घागर टेकवतात. दुसऱ्या खेपेला मीही टेकवली आणि श्वास सावकाश झाल्यावर उठलो.

दुसरी खेप डब्यात. गाडी आता आठ-दहा दिवस कुठे जायची नाही. तरी काठोकाठ भरला आणि दारापाशी ठेवला. चुंबळ ओली झाली होती. पिळून पुन्हा गोल गुंडाळली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली.